टोपल्याखालचा पाय

१३ नोव्हेंबर १९६०, अकोला

ललितानं ही वही दिली. सून म्हणून बरी आहे, पण शिकवायला बसली की लई किटकिट करते. रोज चार ओळी लिहा म्हणते, आणि बोलता तसं नाही, पुस्तकात असतं तसं. मी म्हटलं, माझ्या घरात रोज काय घडतं लिहायला? भाकरी, भांडी आणि बुढ्याचा खोकला.

आज घडलं. सकाळी गावाकडच्या ठाण्याचा शिपाई आला. आमच्या बोराळीत महिन्याभरात दोन बाया मेल्या. कापूस वेचायला गेल्या, बाकीच्या बायांच्या मागं राहिल्या आणि दुसऱ्या दिवशी वावरात पडलेल्या सापडल्या. गळा आवळलेला. वेचलेला कापूस ठेवायला कमरेला ओटी बांधतो ते फडकं दोघींच्याही अंगावर नव्हतं. हातातलं चांदीचं मात्र तसंच. फौजदारानं सांगून पाठवलं, देवमनला घेऊन या.

देवमन म्हणजे आमचा बुढा, माझा नवरा. त्यानं तीस वर्षं माग काढले. जमिनीवर उमटलेला पाय पाहून माणूस सांगायचा. चोरी झाली, खून झाला, ढोरं पळवली, की अंजनगावपासून बाळापूरपर्यंत पोलीस त्याला घेऊन जायचे. काम पोलिसांचं, पण गणती गावच्या चाकरांत. खुनी धरून दिला तरी पाटलाच्या ओसरीखाली उभं राहायचं आणि भाकरी वरून झोळीत घ्यायची. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आला, चावडीवर काठी ठेवली आणि म्हणाला, आता नाही. मग आम्ही अकोल्याला धर्मपालकडे आलो. धर्मपाल माझा मुलगा, रेल्वेत आहे.

शिपायाला बुढा म्हणाला, "ते काम म्या सोडलं. अन् आता डोये बी नाही राहिले."

शिपाई म्हणाला, "दुसरी शकुन होती. तुमच्या शेजारची."

बुढा उठून आत गेला. शकुन आमच्या अंगणात रांगलेली पोर. दुपारी पाहते तर हा पिशवीत धोतर भरतोय. मी म्हटलं, डोळ्यांत मोतीबिंदू घेऊन काय शोधणार? म्हणाला, "तू चाल संगं. तू सांगजो, मी ओयखतो."

मला भीती वाटते. ज्याला दिसत नाही तो शोधणार, आणि ज्याला शोधायचं तो आम्हाला पाहत असणार.

१५ नोव्हेंबर, बोराळी

दर्यापूरपर्यंत बस, पुढं बैलगाडी. घर चार वर्षं बंद होतं. उंदीर असतील असं धरूनच आले होते. पाहते तर घर झाडलेलं, माठ भरलेला, चुलीपाशी पऱ्हाट्यांची मोळी. पाणीही खारं नाही, पाटलाच्या विहिरीचं गोडं.

हे सगळं नव्या कोतवालानं केलं. सूर्यभान त्याचं नाव, वरच्या आळीतला, तिशीतला. भावांनी वावर वाटून घेतलं आणि याला काही दिलं नाही, म्हणून आमच्या लोकांनी सोडलेली कोतवाली यानं घेतली. गाव सोडताना बुढ्यानंच त्याला थोडं शिकवलं होतं. पाय सापडला की त्यावर टोपलं पालथं घालायचं. मग वारा, ढोरं, माणसं तो मोडत नाहीत. माग काढणारा येईपर्यंत पाय जसाच्या तसा राहतो.

आत येऊन बसला आणि आमच्या कपातून चहा प्यायला. या गावात माझं सगळं आयुष्य गेलं, त्यांच्यातल्या कोणी आमचा कप तोंडाला लावलेला मी पाहिला नव्हता. वर म्हणाला, "मावशी, अजून अर्धा देजो." मला बरं वाटलं. खोटं काहून लिहू.

जाताना म्हणाला, "वेचायले जासान तं कोनत्या वावरात ते मले सांगत जा, मावशी. दिवस वाईट हायेत."

आईनं चांगलं वळण लावलंय.

१७ नोव्हेंबर

तिसरी गेली. मैनाबाई, तेल्याच्या घरची. काल संध्याकाळी घरी आली नाही. लोकांनी कंदील घेऊन शोधलं, सापडली नाही. आज उजाडताना सूर्यभानला सापडली, तुरीच्या ओळीआड. ओटीचं फडकं नाही.

फौजदार आला. आम्ही गेलो. मी मैनाच्या तोंडाकडे पाहिलं नाही, पायांकडे पाहिलं. एका पायात काटा तसाच होता, काढायला वेळ झाला नव्हता.

शोधणाऱ्यांच्या पायांनी जमीन सगळी तुडवलेली. त्यात एक टोपलं पालथं. सूर्यभान म्हणाला, "सकायी आलो तसंच झाकलं, काका. तुमी शिकवलं तसं."

टोपलं उचललं. मी वाकून सांगितलं, उजवा पाय, करंगळी नाही, टाच खोल रुतलेली. बुढा खाली बसला, पण पायाला हात लावायचं सोडून बाजूची माती चोळायला लागला. म्हणाला, "कोरडी हाय." सगळ्या वावरावर दव, माझं लुगडं पोटरीपर्यंत ओलं, आणि याला कोरड्या मातीचं कौतुक. मी म्हटलं, माती घरीही आहे, पाय पाहा.

करंगळी नसलेला पाय गावात एकाचाच. मोतीराम. आमच्याच वस्तीतला, नाल्याकडच्या वावराची राखण करतो.

बुढा म्हणाला, "पाय मोतीरामचा हाय. तो रोजच इथून जाते. बाकी मी काई म्हनत नाही."

फौजदारानं पहिलं तेवढं लिहून घेतलं आणि बुढ्याचा अंगठा घेतला. मोतीरामला बेड्या घातल्या. तो ओरडला नाही. बुढ्यासमोरून जाताना नुसता म्हणाला, "दादा, तुमीच?"

१८ नोव्हेंबर

मोतीरामला अमरावतीला नेलं. तीन खून, फाशीच होईल असं चावडीवर बोलतात.

त्याची बायको पार्बताबाई आमच्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "तुहा बुढा आंधया झाला, पन पोलिसाची भाकर सुटली नाही त्याची." मी तोंडाची फटकळ, कोणाचं ऐकून घेत नाही. आज ऐकून घेतलं.

२० नोव्हेंबर

वस्तीत आमच्याशी कोणी बोलत नाही. विस्तव मागायला गेले तर दार लोटून घेतलं.

गाव मात्र सुटल्यासारखं झालंय. खुनी जेलात, म्हणून बाया पुन्हा हसतात, दिवस बुडेपर्यंत वावरात थांबतात. मीही दोन दिवस वेचायला गेले. सूर्यभान वावराच्या धुऱ्यावर भेटला. "आता भ्या नाही, मावशी. निवांत वेचा." एकटा तोच बोलतो.

बुढा जेवत नाही. मी म्हटलं, चुकलं असेल तर चुकलं म्हणा, बरोबर असेल तर भाकर खा. म्हणाला, "थांब जरा." तीस वर्षं थांबतेच आहे.

२२ नोव्हेंबर

बुढ्याचं डोकं फिरलं वाटतं. संध्याकाळी अंगणात एक टोपलं पालथं घालतो. पहाटे उठून त्याच्या शेजारी दुसरं घालतो. उजाडलं की दोन्ही उचलतो आणि खालची माती चोळतो. मलाही चोळायला लावली. संध्याकाळच्याखाली कोरडी, पहाटेच्याखाली ओली. मी म्हटलं, दव पडतं हे कळायला टोपली कशाला लागतात? लेकरं असले खेळ खेळतात. तीन दिवस हेच चाललंय.

२३ नोव्हेंबर

सूर्यभान ताक घेऊन आला. बुढा आत झोपला होता. अंगणातली दोन टोपली पाहून म्हणाला, "हे काय, मावशी?"

मी हसत सगळं सांगितलं. काय सांगू बाबा, म्हाताऱ्याला वेड लागलंय. एक दवाच्या आधी घालतो, एक दवाच्या नंतर, आणि माती कोरडी की ओली ते पाहत बसतो. मैनाच्या टोपल्याखालीही तसाच चोळत होता.

हसेल वाटलं. हसला नाही. टोपल्यांकडे पाहत राहिला. मग काम आहे म्हणून उठला. चहा अर्धा तसाच. साखर कमी पडली असेल.

२४ नोव्हेंबर

दाराकडे पाहत पाहत लिहितेय. अक्षर वाईट येईल.

दुपारी बुढ्यानं मला जवळ बसवलं आणि म्हणाला, "ध्यान देऊन आयक. मैनाच्या टोपल्याखाली माती कोरडी होती. म्हंजे टोपलं दव पडायच्या आधी झाकलं. संध्याकायी. तवा मैना हरवली हे बी कोनाले मालूम नव्हतं."

मी म्हटलं, सूर्यभान तर सकाळी झाकलं म्हणाला.

"तेच."

मला कळायला वेळ लागला. मोतीराम रोज तिथून जातो. त्याचा पाय तिथं असणारच. मैनाला मारणाऱ्यानं मातीतले आपले पाय पुसले, मोतीरामचा तेवढा झाकून ठेवला. लोक शोधायला येतील, सगळं तुडवतील, हे त्याला माहीत होतं. तोच एक पाय आमच्यासाठी राखून ठेवला. बुढा म्हणाला, "लोकाईनं झाकलेलाच पाय मी पाहत आलो. झाकनाऱ्याले कदी इचारलं नाही."

मग मी त्याला कालचं सांगितलं. दोन टोपल्यांचं मी सूर्यभानला हसून हसून सांगितलं ते.

बुढ्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यानं फक्त विचारलं, "चहा पूरा पेला का त्यानं?"

"अर्धा."

त्यानं दाराला आतून खाट लावली. चार वाजले होते, उन्हात पोरं खेळत होती.

ठाणं सहा मैल. वाट सगळी कापसातून. याला दिसत नाही, वस्ती आमच्याशी बोलत नाही. मोतीराम फासावर चढेल, नाहीतर आम्ही वाटेत मरू.

२५ नोव्हेंबर

सकाळी बुढा काठी घेऊन परसाकडे गेला. मी दळत होते. उजेड अडला म्हणून वर पाहिलं तर दारात सूर्यभान.

"काका नाही का?"

"येतेच."

बसला. उंबरठ्यावर नाही, आत, माझ्या आणि दाराच्या मधे. मी जातं फिरवत राहिले. थांबले असते तर त्याला कळलं असतं की मला कळलंय. ज्वारी संपली, तरी रिकामं जातं फिरवत होते.

म्हणाला, "मावशी, तुमी ठान्यावर जाऊन राहिले म्हने."

"कोण म्हणालं?"

"कोनी नाही. मीच म्हनून राहिलो." खुंटीवर माझं ओटीचं फडकं होतं. त्यानं ते काढलं, दोन बोटांत धरून पाहिलं. "जुनं झालं तं किती मऊ होते नाही." मग घडी घातली. अशी बारीक, कोपऱ्याला कोपरा लावून, जशी पेटीत ठेवायच्या लुगड्याची घालतात. घडी माझ्या गुडघ्यापाशी ठेवली आणि म्हणाला, "वाट साजरी नाही. मी पोचवून देतो तुमाले. उद्या या."

बाहेर बुढ्याची काठी वाजली. तो उठला, बुढ्याला रामराम करून गेला.

म्या जातं सोडलं. पीठ सगळं मांडीवर सांडलं. या मानसाले मी गोड चहा देत होते, अन् तो कपाले तोंड लावते म्हनून मनात फुगत होते. मले वाटलं, हाच एक मानूस.

दुपारी पार्बताबाईकडं गेले. तिनं दार लोटलं. मी बाहेरूनच सांगितलं, बुढा चुकला, त्याचा माग खोटा पडला, हे ठाण्यावर लिहून द्यायला आम्ही उद्या चाललो, वाटेत आम्हाला कोणी मारलं तर तू तरी सांगशील म्हणून सांगते. कोणाचं नाव घेतलं नाही. 

२६ नोव्हेंबर

उजाडलं तसं दार उघडलं. पार्बताबाई उभी होती, तिच्यामागं अकरा बाया. ओट्या बांधलेल्या, वेचणीला निघाल्यासारख्या. पण वावराकडे कोणी गेलं नाही. पार्बताबाई माझ्याशी बोलली नाही. बुढ्याला म्हणाली, "चला."

वेशीवर सूर्यभान काठी घेऊन उभा. "चला, काका. मी पुढं होतो."

मी बुढ्याचा हात आवळला. त्यानं हळूच म्हटलं, "येऊ दे त्याले. अन् दवाचं, टोपल्याचं एक अक्षर बोलू नको."

सहा मैल तो आमच्या पुढं चालला. दोन्ही बाजूंनी कापूस, माणसाच्या खांद्याएवढा. मधेच वळून म्हणायचा, "मावशी, दमल्या का?" मी म्हणायची, नाही.  मी सगळी वाट त्याच्या टाचा पाहिल्या. धुतलेल्या होत्या.

ठाण्यावर बुढा फौजदाराला म्हणाला, "साहेब, माहा माग चुकला. लिहून घ्या."

फौजदार चिडला. "देवमन, समजून बोल. हा माग चुकला म्हणशील तर वकील म्हणेल, आधीचेही चुकले असतील. तीस वर्षांचं नाव जाईल तुझं."

"जाऊ द्या."

"मग चुकलं कुठं?"

"तेवढं तुमीच इचारा. सूर्यभान इथंच हाय. टोपलं कवा झाकलं, तेवढंच इचारा."

सूर्यभान पुढं झाला. माझ्याकडे पाहून जरा हसला. मला वाटलं सकाळी म्हणेल. तो म्हणाला, "साहेब, गडबडीत म्या सकायी म्हनलो होतो. खरं तं आदल्या संध्याकायीच झाकलं. दव पडायच्या आधी. म्हनून माती कोरडी हाय."

फौजदार म्हणाला, "मातीचं तुला कोणी विचारलं?"

फौजदारानं टाक खाली ठेवला.

"आणि बाई सकाळी सापडली. मग संध्याकाळी तू कशासाठी पाय झाकला?"

सूर्यभाननं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग माझ्याकडे वळला. चेहरा तोच, ताक घेऊन येणाऱ्याचा. "मावशी, तुमीच तं म्हनल्या होत्या," एवढं म्हणाला आणि दाराकडे सरकला. दारात पार्बताबाई होती. ती हलली नाही. बाकीच्या बायाही हलल्या नाहीत.

संध्याकाळी त्याच्या ढोरांच्या कोठ्यात कडब्याखाली तीन फडकी सापडली. धुतलेली, कोपऱ्याला कोपरा लावून घडी घातलेली. काहून मारलं, हे त्यानं कोणाला सांगितलं नाही.

४ डिसेंबर

मोतीराम सुटून आला. बुढा त्याच्या दारी गेला, मी हात धरून नेलं. बुढा म्हणाला, "मोतीराम, माही चूक."

मोतीराम दारात आला. त्याचा खालचा ओठ फाटलेला होता. मग म्हणाला, "दादा, तुमी तं सांगाले गेले. न जाते तं?" आणि आत गेला. पार्बताबाईनं आम्हाला पाणी दिलं. बस म्हणाली नाही.

९ डिसेंबर, अकोला

घरी आलो. मला झोप नाही. दारात उजेड अडला की हात आपोआप थांबतो.

बुढा वेगळ्याच चिंतेत आहे. आज म्हणाला, "वही काढ. लिही." आणि नावं सांगायला लागला. त्याच्या मागावरून जेलात गेलेली माणसं. प्रत्येक नावापाशी विचार करतो, तो पाय मी स्वतः शोधला की कोणी झाकून दाखवला? काही नावांवर खात्रीनं म्हणतो, हा खरा. काहींवर गप्प होतो. गप्प झाला की मी ते नाव लिहिते. आतापर्यंत सात झाली.

मी चिडले. म्हटलं, आता हे कशाला? खुनी सापडला, मोतीराम सुटला, खोकल्याचं औषध घ्या आणि झोपा. तो म्हणाला, "मोतीरामसाठी पार्बती उभी होती. या लोकाईसाठी कोन होतं?"

मी पुढचं नाव लिहिलं.

११ डिसेंबर

उद्या बाळापूरला जायचं. तिथला रामराव, यादीतला, बैलचोरी, सात वर्षं काढून आलाय. जिवंत आहे असं धर्मपालनं विचारून आणलं. ललिता म्हणाली, नका जाऊ, तो माणूस मारायला उठेल. उठू शकतो. आम्ही त्याच्या दारात उभे राहणार, आणि कोण आहात म्हणून विचारलं तर बुढा आपलं नाव सांगणार.

बस साडेसातची. भाकरी बांधून ठेवल्या. सूर्यभान जेलात आहे, तरी आजही मी दाराला आतून खाट लावली. बुढा नाव सांगेल तेव्हा त्याला समोरचं काही दिसणार नाही. रामरावचं तोंड मलाच पाहावं लागेल.